ठेल्याकडचा रस्ता

इंदूबाई : उतर खाली, अन् पुन्हा उभा राह्य काट्यावर. चप्पल काढून.

सौरव : चप्पल काढलीच आहे आई. कितीही वेळा उभा राहिलो तरी तोच आकडा येणार.

इंदूबाई : मग काटा बिघडला असन.

सौरव : मागच्या महिन्यात तर आणला.

इंदूबाई : सरक, मी पाहते. माझं तर बरोबर दाखवून राहिला. मग तुझं काहून वाढलं गा? घरात तळणाची कढई चढली नाही कधीची. सकाळी मुगाचं धिरडं, नाही तर मोडाची मटकी, नाही तर ज्वारीची आंबील. त्या आहारवाल्या मॅडमनं जे जे सांगितलं ते ते करून राहिली मी. तुझ्या नाश्त्यापायी साबुदाणा घरात आणणं सोडलं. अन् वजन उतरायच्या जागी दीड किलो वर?

सौरव : पाणी असन. मॅडम म्हणे, कधी कधी शरीर पाणी धरून ठेवते.

इंदूबाई : पाणी तुझ्या बाबाच्या पोटात भरते. तुझ्या नाही.

सौरव : बाबा कुठी आहेत?

इंदूबाई : बाहेर पायरीवर. फिरून आले की तिथंच दम खात बसतात, तुले का माहीत नाही? विषय नको बदलू. सोमवारी डॉक्टर तुझं लिव्हर पुन्हा पाहणार आहे. मागच्या वेळेस काय म्हणाला होता तो?

सौरव : माहीत आहे न सगळ्यांले.

इंदूबाई : तरी सांग.

सौरव : म्हणाला, तुमच्या लिव्हरवर चरबी आहे. वजन उतरवा. चरबी गेली तर तुमच्या लिव्हरचा तुकडा काढून वडिलांना लावता येईल. नाही गेली, तर नाही.

इंदूबाई : अन् त्यांच्याजवळ वेळ किती आहे म्हणाला?

सौरव : आई.

इंदूबाई : राहू दे. मलेही ऐकवत नाही. हा टी-शर्ट कोणाचा आहे?

सौरव : माझा. फिरायले घालतो तो.

इंदूबाई : बाही पाह्य याची. साबण लावला, लिंबू घासलं, उन्हात टाकला. लाल डाग जात नाही म्हणजे नाही. असं लाल तेल माझ्या कोणत्या भाजीवर येते सांग बरं.

सौरव : ऑफिसात कोणाच्या डब्यातलं सांडलं असन.

इंदूबाई : फिरायचा टी-शर्ट घालून ऑफिसले जातो का तू? बाबू, लग्न होऊन नागपुरात आली तेव्हापासून हे डाग धुऊन राहिली मी. पोह्याची तर्री आहे ही. भैय्याजीच्या ठेल्यावरची.

सौरव : एखादी प्लेट झाली असन.

इंदूबाई : एखादी?

सौरव : मतलब, रोज एखादी.

इंदूबाई : अरे, पण तू तर बाबासोबत जातो. त्यांच्या डोळ्यांदेखत खातो का? त्यांले तर चिमूटभर मीठ बंद आहे. अन् तू त्यांच्यासमोर बसून तर्री-पोहे झोडतो?

सौरव : तेच घेऊन जातात.

इंदूबाई : कोण?

सौरव : बाबा. म्हणतात, माझं तर खाणं सुटलं, तू खाय, मी पाहतो. तुझ्या तोंडानं मी खाल्लं असं समजीन. भैय्याजीले सांगतात, याच्या प्लेटीत तर्री जास्त टाक, वरून शेव टाक. पहिल्या दिवशी मी नाही म्हटलं, तर एकदम गप झाले. घरी येईपर्यंत बोलले नाहीत. त्या माणसाले मी कसा नाही म्हणू, तूच सांग.

इंदूबाई : अन् तू खात असताना ते काय करतात?

सौरव : बाकड्यावर बसून राहतात. प्लेट संपली की म्हणतात, अजून घे.

इंदूबाई : चहा?

सौरव : साखरेचा. रविवारी जिलेबी.

इंदूबाई : थांब. मले जरा समजू दे. दुसऱ्याचं खाणं पाहून पोट भरणारा तुझा बाप नाही. उभ्या जन्मात मी त्यांले असं पाहिलं नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या पानातला लाडू उचलणारा माणूस आहे तो. अहो, आत या बरं जरा.

सौरव : आई, त्यांले काही नको बोलू. दमलेले आहेत.

इंदूबाई : मीही दमली. अहो.

(रुपराव गळ्यातला मफलर सोडत, दाराची चौकट धरून स्वयंपाकघरात येतात.)

रुपराव : काय झालं वं? सकाळी सकाळी कोर्ट भरवलं काय?

इंदूबाई : हा डाग कशाचा आहे?

रुपराव : साबण बदल तू. कामाचा नाही तो.

इंदूबाई : पोराले रोज पोहे चारता म्हणे तुम्ही.

रुपराव : जवान पोरगा आहे. तुझं ते हिरवं धिरडं पाहून तर काटाही रडन. खाल्ले घासभर पोहे, त्यात काय आभाळ कोसळलं?

इंदूबाई : रोज चारता. तर्री जास्त, वरून शेव. अन् मी इथं अंधार असताना उठून मूग वाटून राहिली. कुंपणच शेत खाऊन राहिलं, अन् मी काट्याले दोष देऊन राहिली.

रुपराव : सौरव, तू आंघोळीले जाय.

सौरव : मी इथंच थांबतो.

रुपराव : थांब मग. ऐकून घे तूही. हो, मुद्दाम चारून राहिलो. सोमवारी डॉक्टरनं याले नाही म्हणावं म्हणून.

इंदूबाई : तोंडानं सांगता येत नव्हतं, मले नको म्हणून?

रुपराव : सांगितलं नव्हतं काय? डॉक्टरसमोर सांगितलं. तू रडायले लागली. हा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. सूनबाईनं, हिमानीनं, माहेरून फोन केला, शपथा घातल्या. तुम्ही तिघं एकीकडे अन् मी एकटा. म्हटलं, आता माणसांशी बोलून फायदा नाही. चरबीशीच बोलावं.

इंदूबाई : मजाक सुचते तुम्हाले.

रुपराव : मजाक नाही करून राहिलो. खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर सारी नोकरी गेली माझी. तिथं एक शिकलो. जे चांगलं चालून राहिलं, त्याले पाना लावायचा नाही. माझं मशीन भंगारात निघालं, ठीक आहे. त्यासाठी चालू मशीन खोलायचं काय? हिमानी पुढच्या महिन्यात बाळंत होते. त्या लेकराले आल्या आल्या बाप पाहिजे. धडधाकट बाप. आजा नसला तरी चालते.

इंदूबाई : चालते?

रुपराव : लेकराले चालते म्हटलं.

इंदूबाई : अन् मले? माझं काय ते नाही सांगितलं तुम्ही.

रुपराव : इंदू.

इंदूबाई : मी म्हटलं होतं, माझं घ्या. सगळ्यांच्या पहिले मीच म्हटलं होतं. माझी साखर आडवी आली. त्यात माझा काय दोष? तुम्हाले वाटते, मले पोराच्या पोटावर चाकू चालवायची हौस आहे. रोज सकाळी धिरडं उलटवते तव्हा मनात येते, हे नीट लागू पडलं तर पोरगा टेबलावर जाते, अन् नाही लागू पडलं तर नवरा जाते. असा नाश्ता कोणत्या बाईनं केला असन सांगा. तरी मी नीटच करते. हिरवा सांभार बारीक चिरून टाकते, आलं टाकते, याले चव लागावी म्हणून.

रुपराव : रडू नको वं.

इंदूबाई : रडून नाही राहिली. मले एक सांगा. तुम्ही कधी दारूले हात लावला?

रुपराव : तुले माहीत आहे.

इंदूबाई : मग लिव्हर कशानं गेलं तुमचं?

रुपराव : चरबीनं गेलं म्हणे डॉक्टर. साखरेनं अन् चरबीनं.

इंदूबाई : अन् ती कुठून आली? ड्यूटी सुटली की कोणत्या ठेल्यावर उभे राहत होते? कंपनीच्या तपासणीत पहिल्यांदा निघालं तव्हा काय लिहून आलं होतं? लिव्हरवर थोडी चरबी आहे. तुम्ही म्हटलं, खात्यापित्या घरचं लक्षण आहे ते. अन् चार लोकांत सांगून हसले. आता याच्या रिपोर्टात काय लिहून आलं?

रुपराव : तेच.

इंदूबाई : तेच. तुमचाच रोग आहे तो, सुरवातीचा. याले चाकूपासून वाचवायले म्हणून तोच रोग तुम्ही रोज प्लेटभर चारून राहिले. वरून शेव.

रुपराव : हे माझ्या ध्यानात नाही आलं.

इंदूबाई : नाही आलं?

रुपराव : खरंच नाही आलं इंदू. मले फक्त तो चाकू दिसून राहिला होता. पाणी दे बरं थोडं. सौरव, तू असा काहून उभा आहे? बस.

सौरव : बाबा, मले माहीत होतं.

रुपराव : काय माहीत होतं?

सौरव : तुम्ही काहून चारता ते. सुरवातीले नव्हतं माहीत. मले वाटलं, तुमचं मन रमते. मग एक दिवस पाहिलं, तुम्ही प्लेटीकडे पाहतच नाही. माझ्या पोटाकडे पाहून राहिले होते.

इंदूबाई : अन् समजल्यावरही तू खात राहिला?

सौरव : हो.

इंदूबाई : काहून गा?

सौरव : दुसरी प्लेट तर मीच मागत होतो आई. बाबांनी म्हणायच्या आधी.

इंदूबाई : काहून म्हणून विचारून राहिली मी.

सौरव : भेव वाटते मले.

रुपराव : बस म्हटलं न. बसून बोल.

सौरव : त्या दिवशी तपासणीले गेलो होतो, तव्हा वार्डात एक पोरगा होता. माझ्याच वयाचा. बहिणीले दिलं होतं त्यानं. चांगला होता, हसून बोलला माझ्याशी. म्हणे, काही टेन्शन नका घेऊ, लिव्हर पुन्हा वाढते. मग त्याले उठायचं होतं. त्याची बायको एका बाजूनं अन् नर्स दुसऱ्या बाजूनं. दाराशी पोहोचेपर्यंत त्याचं तोंड पांढरं पडलं. तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाही. हिमानीचा फोन आला की मी पोराचं नाव काय ठेवायचं ते बोलतो, अन् मनात तोच पोरगा दिसते.

इंदूबाई : मले नाही सांगितलं तू.

सौरव : काय सांगू? सगळ्यांसमोर हो म्हणून बसलो. तू साऱ्या नातेवाइकांत सांगितलं, माझा पोरगा बापाले देऊन राहिला म्हणून. आता नाही म्हटलं तर बाप मारला असं होते. म्हटलं, डॉक्टरनंच नाही म्हणावं. मग मी वाईट नाही, बाबा वाईट नाहीत, कोणीच वाईट नाही. सारं पोह्यावर जाते.

रुपराव : मग नको देऊ बाबू. इतकी सीधी गोष्ट आहे. मी सांगतो साऱ्यांले, मीच नाही म्हटलं म्हणून. कोणी तुले एक शब्द बोलणार नाही. तुझी आईही नाही बोलणार.

सौरव : आई?

इंदूबाई : मले नका विचारू. माझ्या तोंडून हो निघत नाही अन् नाहीही निघत नाही. इतकंच सांगते, तू नाही म्हटलं तरी तुझं ताट उद्याही इथंच वाढीन. मनात काही धरून नाही वाढणार. जमलं नाही तर रडीन, पण तुझ्यावर नाही रडणार.

सौरव : मी भेव वाटते म्हटलं. नाही देत असं नाही म्हटलं.

रुपराव : दोन्ही एकच असते.

सौरव : नसते. बॉयलरवर चढत होते तव्हा तुम्हाले भेव वाटत नव्हतं काय?

रुपराव : वाटत होतं.

सौरव : कधीपर्यंत?

रुपराव : रिटायर होईपर्यंत. तुझ्या आईले नाही सांगितलं कधी.

इंदूबाई : मले माहीत होतं. ड्यूटीच्या आधी जेवत नव्हते तुम्ही.

सौरव : सोमवारी मी डॉक्टरले खरं सांगतो. पथ्य पाळलं नाही म्हणून सांगतो. भेव वाटते तेही सांगतो. अजून एक महिना मागतो.

इंदूबाई : महिना मागशील गा. यांच्याजवळ आहे काय महिना?

रुपराव : माझ्याकडे काहून पाहता दोघं? मले काय माहीत. असन.

इंदूबाई : असन म्हणे. आता तरी जरा नीट बोला.

रुपराव : आहे. महिनाभर तर काढतो मी. नातवाचं तोंड पाहायचं आहे मले. आताच म्हटलं आजा नसला तरी चालते, ते काही खरं नव्हतं.

सौरव : आई, धिरडं आहे काय?

इंदूबाई : आहे, पण गार झालं. थांब, दुसरं टाकते.

सौरव : राहू दे. तेच दे.

रुपराव : मलेही दे अर्धं.

इंदूबाई : तुमच्यासाठी बिनमिठाचं वेगळं करावं लागते. बसा, करते.

सौरव : बाबा, उद्या तलावाकडच्या रस्त्यानं जाऊ. ठेल्याकडून नको.

रुपराव : तो लांब पडते गा. दम लागते मले.

सौरव : लागला की बसू.