पॉलिश झाल्याशिवाय

...नाही, चूक माझीच. पण त्या इंग्रजांनाही कुणीतरी विचारायला हवं होतं, की बाबांनो, एका शब्दाला किती राबवायचं? तुम्हाला सांगतो, मी जन्मभर खुर्च्या केल्या. कापायला करवत, तासायला रंधा, कोरायला पटाशी, ज्याचं काम त्यानं करायचं. आणि इथे? सगळीकडे एकटा 'टेक'. शेजारच्या शाळेतल्या बाई शिकवायच्या. म्हणाल्या, "आजोबा, टेक म्हणजे घे. सोपं आहे." दुसऱ्या दिवशी म्हणतात, टेक ऑफ म्हणजे बूट काढ. तिसऱ्या दिवशी, विमान उडालं तरी टेक ऑफच. आणि बसा म्हणायला टेक अ सीट, म्हणजे खुर्ची घ्या. म्हटलं बाई, माझ्या दुकानात कुणी असं म्हणालं असतं, तर मी बांधूनच दिली असती. त्या हसून म्हणाल्या, "आपण नाही का झोप घेत, मनावर घेत, फैलावर घेत?" खरंय... पण ते आईनं भरवलेलं, त्याचे घास कोण मोजतो?

हा खटाटोप कशासाठी, तर नातीसाठी. लेक परदेशात, तिची मुलगी तिथलीच, मराठीतलं फक्त 'आजोबा' येतं. दर रविवारी सकाळी फोन. पाच वर्षांची असल्यापासून विचारते, आजोबा कुठेत? आणि मी आमच्या हिला खुणा करतो, सांग, दुकानात गेलेत. दुकानात कुठला, समोर स्टुलावर बसलेलो. ही डोळे वटारायची, "अहो, नुसतं हं म्हणा, खात नाही ती तुम्हाला." हिचं स्वतःचं इंग्रजी काय, तर यस-यस, गुड-गुड, पण तेवढ्यावर दोघी अर्धा अर्धा तास खिदळायच्या. माझं आपलं एकच, पॉलिश झाल्याशिवाय माल बाहेर नाही.

एकच वाक्य घडवत होतो हो. 'टेक केअर ऑफ युअर मदर.' आईची काळजी घे. घासतोय, पुसतोय, अजून जरा... पॉलिश झाल्याशिवाय माल बाहेर नाही. अशी तेरा वर्षं.

गेल्या रविवारी हिनं फोन माझ्या हातातच कोंबला. "पोरगी आज वसतिगृहात चाललीय. आता रविवारचा फोन नाही, सवड होईल तेव्हा करेल. बोला." म्हटलं, "टेक..." आणि पुढचं सगळं गळून पडलं. केअर गेलं, मदर गेली, डोक्यात नुसतं विमान आणि बूट. ती तिकडे थांबलेली. मग माझ्या कानात, हळूच, "टेक युअर टाइम, आजोबा."

बाईंना न विचारता कळलेलं माझं पहिलं इंग्रजी.

कळलं, आणि मनातल्या मनात म्हटलं, वेळच तर घेतला गं बाळा, तुझ्या वाटचासुद्धा. ही म्हणाली, "अहो, हं म्हणा." तेवढ्यात तिकडून लेकीची हाक आली, गाडी आलीय, आणि पोरीनं फोन ठेवला.

आता मी रोज फोनशेजारी बसतो. 'हं' तयार आहे. पॉलिश नाही केलेलं.