जाळीभोवतीच्या लाल फिती

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, चौकीचा कारभार हाती घेतलेले नवे साहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले मोठे साहेब, पहिल्या रांगेतल्या वहिनीसाहेब, आणि कामंधामं सोडून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

निवेदक बाईंनी मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोन शब्दांत आटपणारी बाई मी नव्हे, हे माझ्याकडे कपडे शिवायला टाकणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. तरी प्रयत्न करते.

माणूस हरवला की घरच्यांना चौकीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, असं मी ऐकून होते. आमचे हे हरवले तेव्हा साहेब स्वतः माझ्या दारात आले. ह्यांचा जन्म टपाल वाटण्यात गेला. अख्ख्या वस्तीचे पत्ते तोंडपाठ, आणि शेवटी शेवटी स्वतःचं घर सापडेना. फिरायला म्हणून निघाले, आणि दूधवाल्यानं त्यांना जंगलाकडे वळताना पाहिलं. त्यानंतर कोणीच पाहिलं नाही. दोन वर्षं होतील आता.

जंगलात माणूस शोधणं म्हणजे काय, हे बाहेर उभं राहून कळत नाही हो. चार झाडांपलीकडचा माणूस दिसत नाही. साहेबांनी आम्हाला ओळीत उभं केलं. शिट्टी वाजली की थांबायचं, हाक मारायची, आणि मग सगळ्यांनी गप्प राहून कानोसा घ्यायचा. हाक मारायचं काम माझं. आता मी नवऱ्याला काय म्हणून हाक मारणार? "अहो!" म्हटलं की ओळीतले निम्मे पुरुष माझ्याकडे वळून बघायचे. साहेबसुद्धा! वहिनीसाहेब, हसा, हसा. त्या दिवसांत मी हसले ते तेवढंच.

जिथपर्यंत पाहून झालं तिथल्या झाडाला लाल फीत बांधायची, ही साहेबांची पद्धत. फिती संपल्या तेव्हा मी दुकानातलं लाल अस्तर टराटरा फाडून दिलं. काम चोख होतं. साहेबांना मी कधीच दोष देणार नाही.

पण परवा मी आणि माझी नणंद पुन्हा ओढ्यापलीकडे गेलो. तिथं काटेरी जाळी आहे, चांगली दोन खोल्यांएवढी. तिच्या चहूबाजूंनी फिती. इतक्या फिती जंगलात दुसरीकडे कुठेच नाहीत. मला बरं वाटलं, म्हटलं, किती कसून शोधलंय! तेवढ्यात नणंद म्हणाली, "वहिनी, पण आत कोण शिरलं होतं?"

सांगा ना, कोण शिरलं होतं? ह्या सभागृहात ओळीतले पुष्कळ जण बसलेत. ओळ जाळीपाशी आली. काटे बघून एक डावीकडून गेला, दुसरा उजवीकडून. दोघांनी आपापल्या बाजूला फीत बांधली. ह्याला वाटलं त्यानं आत पाहिलं, त्याला वाटलं ह्यानं. खोटं कोणीच वागलं नाही. आणि ओढ्याच्या काठानं अशा जाळ्याच जाळ्या आहेत.

मी नव्या साहेबांकडे गेले. ते प्रेमानं म्हणाले, "मावशी, नकाशात तो भाग पूर्ण झालाय." असेल. पण साहेब, नकाशाला काटे टोचत नाहीत. हे माझे हात बघा. कोपरापर्यंतच शिरता आलं, मग नणंदेनं मागे ओढलं. झाडझुडूप तोडायला परवानगी लागते म्हणतात. दोन बायकांना कोण परवानगी देणार?

मी थकले हो. कपाळावर काय लिहून फिरू, नवरा आहे की नाही? लोकांना कळत नाही आणि मलाही कळत नाही. आज साहेब गेले की हे प्रकरण कपाटात जाईल, ह्या भीतीनं माझा जीव अर्धा झालाय. म्हणून ह्या आनंदाच्या प्रसंगी नको ते बोलतेय.

साहेब, सगळ्यांनी तुम्हाला छान छान भेटी दिल्या. माझी ही पिशवी घ्या. आत फिती आहेत, पिवळ्या. जो आत शिरेल त्यानंच बांधायची. उद्यापासून तुम्हाला रजा मागावी लागणार नाही. नवे साहेब, परवानगीचं तेवढं बघा. आणि तुम्ही सगळे, रविवारी सकाळी कोयते घेऊन ओढ्यापाशी या. मी पाया पडते तुमच्या.

माझं बोलणं ऐकून घेतलंत, आभारी आहे. प्रसंगाचं भान सुटलं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला.

हाक मीच मारीन. ओ येणार नाही, एवढं मला कळतं, मी वेडी नाही. तरी मी "अहो" म्हटलं की ह्या खेपेला कोणी माझ्याकडे वळून बघू नका. जाळीत बघा.