गाडी पडली, बाकी काही नाही

...आणि वर मलाच विचारतात, “लागलं का हो कुठं?” अहो, गाडी पडली, बाकी काही नाही! गाडी म्हटल्यावर कधीतरी पडणारच, ती काय भिंतीला ठोकलेलं कपाट आहे? पण तुम्हाला सांगतो, मोटरसायकल नुसती आडवी झाली ना, की आख्ख्या गल्लीला कामधंदा मिळतो. ज्याला स्वतःच्या सायकलची चेन बसवता येत नाही, तोसुद्धा कमरेवर हात ठेवून म्हणतो, “अंहं... आवाज काही ठीक नाही.” अरे, आवाज येतोय कुठे? येत नाही म्हणून तर मी किका मारमारून अर्धा झालोय!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. माझं फ्रेमचं दुकान. फोटोला, चित्राला काच बसवायची आणि गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन द्यायची. मी पुढे, बायको मागे, तिच्या मांडीवर काच. वीस-बावीस वर्षं असंच चाललंय. आणि मध्यंतरी डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, “उजव्या बाजूचं कमी दिसतंय तुम्हाला. आहे ते औषधानं टिकेल, गेलं ते येणार नाही. गाडी बंद.” किती सहज म्हणाले! जसा काही पंखाच बंद करायचा होता. मी म्हटलं, “हळू चालवली तर?” तर म्हणे, “हळू आदळाल.”

घरी आलो तो गप्पच. जेवताना गप्प, दुकानात गप्प, गिऱ्हाइकाशीही मानेनंच बोलायचो. शेवटी बायको म्हणाली, “मी शिकते.” मी हसलो. हसायला नको होतं, पण हसलो. पन्नाशीला टेकलेली बाई, आणि मोटरसायकल! पण दुसरं करणार काय? दुकान गावाच्या एका टोकाला, घर दुसऱ्या, आणि एवढ्या मोठ्या काचा घेऊन बसमध्ये कंडक्टर पाय ठेवू देत नाही. ती शिकली तर दुकान चालणार, नाहीतर कुलूप. आणि माझ्या हाताला दुसरं काही येत नाही हो.

तर मागच्या मैदानात शिकवणी. ती गाडीवर, मी बाजूनं पळतोय, तिच्या हातावर माझा हात. ती म्हणते, “अहो, हात सोडा.” मी म्हणतो, “सोडलाय.” “सोडलेला नाही.” “अगं, सोडलाय म्हणतो ना!” सोडला नव्हता. कसा सोडणार? तिला डावीकडे वळायचं होतं, मला वळायचंच नव्हतं. गाडी बिचारी कुणाचं ऐकणार? आडवी झाली! ती उठली, साडी झटकली, खरचटलंसुद्धा नाही. मी गाडी उभी केली, किक मारली... काही नाही. परत मारली... काही नाही. तिचा चेहरा एवढासा झाला. म्हणाली, “मोडली ना मी? विकून टाका. मी पुन्हा हात लावायची नाही.” आणि गेली घरात. मी मागनं ओरडतोय, “अगं, गाडी पडली, बाकी काही नाही!”

ढकलत दारात आणली, आणि जमले सगळे. वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीतनंच, “पेट्रोल जास्त झालंय! पडली की होतं तसं! स्वस्थ बसा जरा!” बसलो स्वस्थ. काही नाही. मग माझा मेहुणा आला. त्याला प्रत्येक गोष्ट उघडून बघायची भारी हौस. “भावजी, प्लग!” प्लग काढला, घासला, फुंकला, परत बसवला. काही नाही. “भावजी, ढकलू या!” गल्लीच्या टोकापर्यंत ढकलली, परत आणली. गाडी थंड, आम्ही गरम. दिवा लागतोय, हॉर्न वाजतोय, पण इंजिन ढिम्म! “भावजी, आतलं काहीतरी जळलं,” असं म्हणून तो चहाची वाट बघत पायरीवर बसला.

शेवटी गॅरेजवाल्याला फोन लावला. तर पहिलाच प्रश्न काय? “हँडलवरचं लाल बटण बघितलं का?” मला असा राग आला! अरे, तू शाळेत जात होतास तेव्हापासून गाडी चालवतोय मी, मला बटणं शिकवतोस? म्हटलं, “बघितलं, बघितलं!” बघितलं नव्हतं. मी आपला कायम किल्लीनं गाडी बंद करणारा माणूस. उजव्या बाजूचं मला दिसत नाही हे खरं, पण ते बटण मी धडधाकट डोळ्यांनीही कधी बघितलं नव्हतं. तो म्हणाला, “मग उद्या टेम्पोत घालून आणा.”

तेवढ्यात बायको चहा घेऊन बाहेर आली. डोळे लाल. रडली होती, स्पष्ट दिसत होतं. कप ठेवला, गाडीकडे बघत उभी राहिली आणि म्हणते, “हे बटण असं नसतं. रोज दुसऱ्या अंगाला कललेलं असतं.” मी म्हटलं, “तुला काय माहीत?” तर म्हणे, “इतकी वर्षं मागे बसून तुमच्या खांद्यावरनं मी दुसरं काय बघत होते?”

मेहुणा उठून उभा राहिला. तिनं बटण सरकवलं, पदर खोचला, किक मारली. एक... दुसरी... आणि सुरू! अहो, पडताना मी हँडल आवळलं, तेव्हा माझ्याच अंगठ्यानं ते बटण सरकून इंजिन बंद झालं होतं! तिनं काही मोडलं नव्हतं. मी तिला तसं सांगितलं, सगळ्यांसमोर सांगितलं. ती गाडीवर बसली, मैदानाकडे वळली. मी धावलो... आणि थांबलो. हात सोडला. ती गेली हो सरळ, एकटी! मला वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं. कुठलं जास्त, ते विचारू नका.

पुढं लायसन्स वगैरे सगळं रीतसर झालं. आज पहिली काच पोचवायला निघालो. ती पुढे, मी मागे. पहिल्या खड्ड्यातच माझी हाडं बोलायला लागली! म्हटलं, “अगं, ही सीट आहे की फळी? इतक्या वर्षांत एकदा तोंडानं बोलायचं तरी!” तर पुढून म्हणते, “दर फेरीला बोलले. तुम्ही म्हणायचात, ‘आलंच, आलंच.’” तेवढ्यात दुसरा खड्डा. मी कळवळलो, “अगं, जरा हळू! अजून किती लांब?”

“आलंच, आलंच!”