चाकू हातात द्यायचा नसतो

न्हाई, मी म्हणतो, चाकू काय शेळी हाय का? दावं सोडलं की आपल्या पायानं चरायला जायला? अन् शेळीलाबी अक्कल असती हो, दिवस मावळला की दावणीला येती! ह्यो चाकू... माझ्या बापाचा चाकू, शिंगाच्या मुठीचा, घडीचा... गेला! ज्याला इचारावं त्यो म्हणतो, मला कुणी दिला न्हाई. बरं बाबा, मंग तू घेतला का? तर म्हणतो, म्या घेतलाबी न्हाई! दिला कुणी न्हाई, घेतला कुणी न्हाई, मंग चाकू काय पायानं चालत गेला?

थांबा, तुमाला पयल्यापून सांगतो, न्हाईतर तुमीबी माझ्यासारखं येडं व्हताल.

मी मल्हारी. चारठाण्याच्या अलीकडं आमचं गाव, शेळ्या-मेंढ्या हायत, थोडं रान हाय, अन् मला नाद एकच, घडीच्या चाकूचा. दारू न्हाई, पत्ते न्हाई, तंबाकूबी सोडली! लोकं कबुतरं पाळत्यात, म्या चाकू पाळले. बायको, बबिता, म्हणती जिंतूरच्या बाजारातून मीठ आणा, मी मीठ इसरतो अन् चाकू आणतो. पत्र्याचा डबा हाय एक, त्याच्यात सगळे... पितळी मुठीचा, मासोळीच्या घाटाचा, बाभळीच्या लाकडाचा, अन् एक तर असा हाय की उघडायला दोन माणसं लागत्यात अन् मिटायला सगळी भावकी! तरी म्या घेतला. कामून घेतला? आता कामून म्हणल्यावर काय सांगावं, आवडला! आमची बबिता म्हणती, "घरात चाकूचा डबा भरलाय अन् मी कांदा इळीवर चिरायलेय." आता तुमीच सांगा, असल्या चाकूनं कांदा चिरत्यात का? वास लागतो ना मुठीला!

पण बापाचा चाकू म्या डब्यात कधी ठेवला न्हाई. त्यो बंडीच्या आतल्या खिशात, छातीपाशी. बाप त्यानंच शेळ्यांचे खूर काढायचा, त्यानंच दाताला लिंबाची काडी तोडायचा, अन् पेरू कापला की पयली फोड पात्याच्या टोकावर धरून मला द्यायचा. उघडताना आवाज व्हतो त्याचा, कट्...! त्यो आवाज आला की मला आजबी वाटतं, बाप आला रानातून. फोटो न्हाई हो बापाचा एकबी. हाय ते एवढंच. एकदा परभणीला एका हापिसाच्या दारातल्या मशिनीची शिट्टी वाजली, पोलीस म्हणला, "बाबा, खिशात काय?" म्हणलं चाकू. "कशाला?" म्हणलं पेरू खायला. "पेरू कुटंय?" म्हणलं साहेब, अजून घेतला न्हाई. तर म्हणला, "मंग आधी पेरू घेऊन ये, मंग बोलू!" काम राहिलं बाजूला अन् मी भर उन्हात परभणीत पेरू हुडकायलोय! तरीबी चाकू घरी ठेवून गेलो का? न्हाई!

अन् असला चाकू गेला. कसा गेला? तर लग्नात गेला. माझ्या थोरल्या बहिणीचं पोरगं, अमृत, त्याची हळद. नवरदेवाला हळद लागली की हातात लोखंड पाहिजे, टोकाला लिंबू खोचलेलं, न्हाईतर बाहेरचं काहीबाही लागतं... आता ह्ये तुमाला ठावं हाय. अन् मंडपवाला कट्यार आणायची इसरला! झाला ना गोंधळ? मांडवात सगळ्या बाया एकदम बोलायल्यात, अन् आमची भिवराअक्का, अमृतची आई, तिचा आवाज म्हणजे आडात बादली पडल्यावाणी, "मल्हारीऽऽ! खिशात चाकू घेऊन हिंडतो जनमभर, अन् भाच्याच्या कामाला येईना व्हय रे तुझा चाकू? मामा हायस का कोण हायस?" आता सांगा, शंभर माणसात असं म्हणल्यावर मामानं काय करावं? काढला खिशातून.

पण हातात न्हाई दिला! चाकू हातात द्यायचा नसतो. हातातून हातात गेला की दोघांत भांडण लागतं. देणाऱ्यानं खाली ठेवायचा, घेणाऱ्यानं उचलायचा. बापानं शिकवलंय मला ह्ये, अन् बापाला त्याच्या बापानं. म्या पाटावर ठेवला, अमृतनं उचलला, लिंबू खोचलं, वाजंत्री वाजली. सगळं रीतीनं! अन् इथंच माझा घात झाला, पण मला काय ठावं...

लग्न मानवतला, नवरीच्या दारी. लग्न झालं, पंगती उठल्या, वरात आली, अन् मी अमृतला म्हणलं, "बाबा, चाकू?" तर त्यो डोकं खाजवत म्हणतो, "मामा, सासऱ्याच्या देवघरापुढं ठेवला ना. लोखंड सोडल्याबिगर घास खायचा न्हाई म्हणले." म्हणलं, मंग सासऱ्याला दिला का? "न्हाई मामा, दिला न्हाई. खाली ठेवला." मंग घेतला कुणी? "मी तर जेवायलो व्हतो!"

गेलो मानवतला. अमृतचा सासरा दत्तराव, माणूस लय गोड. बसा पाव्हणं, च्या घ्या पाव्हणं, पंखा लावा रे पाव्हण्याला... म्हणलं, दत्तराव, माझा चाकू. "कोणचा चाकू?" शिंगाच्या मुठीचा. "त्यो व्हय! लय धार हो! नवीन ट्रॅक्टर आणला ना, त्याच्यापुढं त्यानंच कोहळा कापला." मंग कुटंय? "मोंढ्यात. हरभरा घालायला गेल्तो, शिवलिंगअण्णाच्या आडतीवर ठेवला." म्हणलं, माझा चाकू तुमी अण्णाला दिला? तर दत्तराव कानाला हात लावून म्हणतो, "छ्या छ्या पाव्हणं! दुसऱ्याची वस्तू मी कशी देईन? मी खाली ठेवला!"

आता बगा. माणूस खोटं बोलायला का? न्हाई! देवाच्या पायावर हात ठेवून सांगतो, एकजणबी खोटं बोलायला न्हाई! तरी माझा चाकू नवरदेवाकडून सासऱ्याकडं, सासऱ्याकडून आडतीवर... अन् दिला कुणी न्हाई, घेतला कुणी न्हाई, मंग चाकू काय पायानं चालत गेला?

मोंढ्यात गेलो. शिवलिंगअण्णा गादीवर, कपाळाला इभूत, गळ्यात लिंग, बोलणं असं सावकाश, की एक वाक्य संपस्तोवर दोन गाड्या माल उतरतो. "चाकू... होता. उचलला. पोत्याची शिवण... काढली. चांगला... होता." म्हणलं, अण्णा, होता का हाय? "होता." म्हणलं, मंग गेला कुटं? "एक बाई आल्ती. तूरडाळ घ्यायला. म्हणली, घरात बाळंतीण हाय, लेकराच्या उशाला ठेवायला लोखंड पाहिजे. शुभकाम हाय. नगं कसं म्हणावं?" म्हणलं, म्हणजे दिला! सापडला देणारा! तर अण्णा डोळे मिटून म्हणतात, "दिला नाही... तिच्यापुढं ठेवला."

कोण बाई? कशी व्हती? "बुटकी. हिरवं लुगडं. लय बोलत होती." आता मानवतात हिरवं लुगडं नेसून लय बोलणाऱ्या बाया हुडकायच्या म्हणजे... उभा जलम जाईल हो! तरी म्या हुडकल्या. एकीला इचारलं, "बाई, तुमच्या घरात बाळंतीण हाय का?" ती चप्पल काढायली. दुसरीच्या नवऱ्यानं इचारलं, "तुला काय करायचंय?" म्हणलं चाकू पाहिजे. आता ह्ये बोलायची पद्धत हाय का, तुमीच सांगा! बसस्टँडपस्तोर पळालो.

घरी आलो, गपचूप वसरीवर बसलो. बबिता म्हणती, "अवं, डबा भरलाय की, एक गेला तर गेला." म्हणलं, डब्यातले इकत आणलेत, बाप इकत मिळतो का? ती उठून चुलीकडं गेली. जेवण जाईना मला. रानात जायलो तरी खिशाकडं हात जायचा, अन् खिसा मोकळा. रडू यायचं, खोटं कशाला बोलू. शेळीच्या खुरात काटा मोडला अन् मी डब्यातला मासोळीवाला घेऊन बसलो, तर शेळीनंबी पाय वढून घेतला! 

ह्या सगळ्या गडबडीत आमची लेक दीपिका बाळंतपणाला आल्ती, ते सांगायचंच राहिलं. पोरगा झाला. पण बाळंतिणीच्या खोलीत गड्यानं जायचं न्हाई, शिवाशीव असती, म्हणून मी आपला बाहेरूनच "रडायलंय का? दूध पेलं का?" बारशाच्या दिवशी बोलवलं आत. नाव ठेवलं शंभुराज. मी पाळण्यात वाकलो, नातवाचं तोंड बगावं म्हणून... तर उशीखालून शिंगाची मूठ!

म्या जी आरोळी ठोकली! बबिता म्हणती, "हळू! लेकरू उठंल!" म्हणलं, ह्यो इथं कसा? "विहीणबाईनं आणला." विहीणबाई म्हणजे सरजाबाई, दीपिकाची सासू, मानवतची... अन् मी वळून बगतो तर बुटकी, हिरवं लुगडं, अन् बोलायलीच हाय! "अवो इवाई, नातवाला लोखंड आणलं मी, फडक्यात गुंडाळून तुमच्या दारात ठेवलं, तुमच्या मंडळीनं तसंच उचलून उशीखाली सारलं..." बबिता म्हणती, "काखेत कळसा अन् गावाला वळसा!" सारं मानवत पालथं घातलं, चप्पल खाता खाता वाचलो, अन् बाप माझ्याच घरात, माझ्याच नातवाच्या उशाला! म्हणलं, बरं झालं, घेतो. तर सगळ्या बाया एकदम, "सवा महिना हलवायचा न्हाईऽऽ!"

बसलो. रोज दारातून मूठ बगायचो अन् परत फिरायचो. पुढं लेक सासरी निघायचा दिवस आला. जीप दारात. म्या हळूच उशीखालचा चाकू काढला, खिशात घातला, छातीला असा गार लागला... अन् शंभुराजनं भोकाड पसरलं! भुकेनं रडलं का? जीप बगून रडलं का? का लोखंडावाचून? कुणी सांगावं हो! पण सरजाबाई माझ्या खिशाकडं बगायली. दीपिका बगायली. डायव्हर, त्याचा काय संबंध, त्योबी बगायला! म्या चाकू काढला, एकदा उघडला, कट्... अन् लेकरू गप! डोळे मोठे करून माझ्याकडं बगायलं.

आता काय करतो मी? पातं मिटलं. उंबऱ्यावर ठेवला. सरजाबाईनं उचलला, दुपट्यात गुंडाळला, जीप गेली.

बबिता आतून हात पुशीत आली, माझ्या खिशाकडं बगितलं, म्हणली, "अवं, चाकू कुटंय? विहीणबाईला दिला का काय?"

म्हणलं, न्हाई गं... मी कशाला देतो? खाली ठेवला.