आतली फेरी

(रुचिरा हिंदी मुलखातल्या एका महानगरात, ती शिकवते त्या कोचिंग क्लासच्या जिन्यात उभी राहून फोनवर, तिचे वडील ईश्वर शहराबाहेरच्या आलूच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, जिथे ते मॅनेजर आहेत.)

रुचिरा: बाबा, ते डोळ्यांचं नंतर. आधी माझं ऐका.

ईश्वर: अगं, तूच विचारलं ना, आवाज असा काहून येतो म्हणून. सकाळपासून डोळ्यांतून पाणी वाहते. थंडी बाधली असेल. बोल.

रुचिरा: अमोनिया गॅसच्या गळतीचा अलार्म शेवटचा कधी वाजला?

ईश्वर: तुझा प्रोग्राम लागल्यापासून एकदाही नाही! जुनं मशीन उठसूट बोंबलायचं. मालिक जाम खूश आहे. काल पाहुण्यांना सांगत होता, ये साहब की बिटिया ने बनाया है. मी बिजली विभागात उभा जन्म काढला, एवढी इज्जत नाही भेटली.

रुचिरा: बाबा, माझी चूक झालीय.

ईश्वर: कसली चूक?

रुचिरा: आत्ता क्लासमध्ये मी मुलांना नेस्टेड लूप शिकवत होते. लूपच्या आत लूप. उदाहरण म्हणून तुमचाच प्रोग्राम बोर्डवर लिहिला, जरा शान मारायला. एकेक ओळ हाताने चालवून दाखवत होते, आणि दुसऱ्या चेंबरला माझाच हात थांबला.

ईश्वर: मला समजेल असं बोल ना, बेटा.

रुचिरा: अच्छा, समजा एक चौकीदार आहे. त्याची बाहेरची फेरी चेंबरची. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. आणि आतली फेरी त्या त्या चेंबरमधल्या सेन्सरची, म्हणजे एकेक कोपरा. पहिल्या चेंबरमध्ये तो सगळे कोपरे बघतो. दुसऱ्यात गेला की पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून सुरुवात करायला हवी ना?

ईश्वर: करायलाच पाहिजे.

रुचिरा: तसं सांगणारी ओळ बाहेरच्या फेरीच्या आत हवी होती. मी ती दोन्ही फेऱ्यांच्या आधीच लिहून टाकली. त्यामुळे दुसऱ्या चेंबरच्या दारात त्याला वाटतं, कोपरे तर बघून झालेत. तो तसाच पुढे जातो. तिसऱ्याला पण तेच. चौथ्याला पण.

ईश्वर: पण मी आत्ता कॉम्प्युटरसमोरूनच आलो. सगळे चेंबर हिरवे आहेत.

रुचिरा: लाल करायला कोणी आत गेलंच नाही, म्हणून हिरवे आहेत.

ईश्वर: असं कसं? आपण तपासलं होतं. तू आली होती अमोनियात भिजवलेला बोळा घेऊन. कसला ठणाणा वाजला होता!

रुचिरा: पहिल्या चेंबरमध्ये, बाबा. बाकीचे आलूने भरले होते. तुम्ही म्हणालात, एकात वाजला म्हणजे सगळ्यांत वाजेल. मी पण हो म्हणाले. मला घरी जायची घाई होती.

ईश्वर: म्हणजे बाकी तिन्हींत कोणीच पाहत नाही?

रुचिरा: रामसुमेर चाचा पाइपांजवळून गंधकाची बत्ती फिरवायचे ना? गॅस असला की पांढरा धूर येतो ती. ती तर चालू आहे ना?

ईश्वर: बंद केली. मीच केली. म्हटलं, आता मशीन आहे, म्हाताऱ्याला कशाला रोज पिदडायचं.

रुचिरा: आणि वास? कोणाला वास आला का?

ईश्वर: मला कुठून येईल? करोनापासून माझं नाक गेलंय, तुला माहीत आहे. म्हणून तर तू हे सगळं...

रुचिरा: तुम्हाला नाही. मजुरांना.

ईश्वर: यमुना म्हणत होती सकाळी. साहब, गला जल रहा है, आज अंदर नहीं जाएँगे. तिच्यामागे बाकीच्या बायकाही अडून बसल्या.

रुचिरा: मग?

ईश्वर: मग मी त्यांना ऑफिसात नेलं. स्क्रीन दाखवली. म्हटलं, देखो, सब हरा है, बोरी की फफूँद होगी. गोणीची बुरशी, दुसरं काय. आणि परत पाठवलं. चौथ्यात. आलू पलटायला.

रुचिरा: अजून आत आहेत?

ईश्वर: हो.

रुचिरा: बाहेर काढा त्यांना. आत्ताच्या आत्ता!

ईश्वर: मालिक इथंच उभा आहे, रुचिरा. त्याला काय सांगू? तुझं नाव येईल. उद्या पोलीस घरी आले तर...

रुचिरा: येऊ दे माझं नाव! बाबा, हात जोडते मी तुम्हाला. तुमचे डोळे थंडीने नाही वाहत.

ईश्वर: रामसुमेर! बत्ती लाओ. चौथे के दरवाजे पर. जल्दी!

रामसुमेर: साहब, अभी तो दरवाजा खुला भी नहीं। देखिए, धुआँ सफेद हो गया।

ईश्वर: खोलो! सब बाहर आओ! बोरी छोड़ो, बाहर! ...येताहेत, बेटा. खोकताहेत, पण येताहेत. एकीला दोघींनी धरलंय.

रुचिरा: सगळ्या आल्या?

ईश्वर: यमुना दिसत नाही.

रुचिरा: नीट बघा, बाबा.

ईश्वर: बघितलं. तिची जाऊ सांगते, ती मागच्या भिंतीकडे होती.

रुचिरा: तुमचा गॅसचा मास्क कुठे आहे?

ईश्वर: ऑफिसच्या कपाटात. चावी मुनीमकडे, आणि मुनीम बाजारात. इतके दिवस घंटीच नाही वाजली, कोण चावी जवळ बाळगते?

रुचिरा: मग थांबा. फायर ब्रिगेडला बोलवा, त्यांना येऊ द्या. बाबा, तुम्ही आत जायचं नाही, सांगून ठेवते.

ईश्वर: तिला नव्हतं जायचं, पोरी. मी पाठवलं. ओला गमछा बांधतो तोंडाला. रामसुमेर, ये फोन पकड़ो.

रुचिरा: बाबा, नाही! बाबा, ऐका ना! बाबा!

रामसुमेर: बिटिया, साहब अंदर चले गए।

रुचिरा: दिख रहे हैं, चाचा? आवाज दीजिए उन्हें!

रामसुमेर: दे रहे हैं, बिटिया। कुछ दिखता नहीं, सब सफेद है। ...बिटिया, मालिक चिल्ला रहे हैं कि गैस इधर आ रही है, दरवाजा बंद करो। का करें? बंद कर दें?

रुचिरा: नका लावू ना, चाचा. माझे बाबा आत आहेत.