परीच्या नाकात कोरोना सापडेना

मी मूळची राजूरची. बाप कोयसा खानीत होता, सकायी गेलेला मानूस संध्याकायी काया होऊनच घरी ये, पन पोरी शिकल्याच पायजे असं त्याचं होतं, म्हनून मी लॅबचा कोर्स केला अन् यवतमाळले दवाखान्यात लागली. रक्त काढाचं, थुंकी तपासाची, असं चाललं होतं बरं, अन् मंग कोरोना आला न मले नाकातले स्वॅब घ्याले लावलं.

मोठ्या मानसाचं काई नाई, मान वर करा म्हनलं का करते. लेकरायचं काय सांगू तुमाले! माह्या अंगावरचं ते पांढरं प्लास्टिक पाह्यलं का किंचाळाले लागत. माहं सोताचं पोट्टं तवा तीन वर्षाचं, राजूरले आईपाशी ठेवलेलं, फोनवर तो आई आई करे अन् मी फोन ठेवून दुसऱ्याच्या लेकराच्या नाकात काडी घालाले जाये. जिवाले चैनच नसे.

तवाच पांढरकवड्याकडून एक पोट्टी आली, परी, दोन वर्षाची. बाप ट्रक घेऊन हैदराबादकडं गेलेला, माय एकटीच तिले घेऊन आली. ताप उतरेच ना, हगवन लागलेली, खोकला मात्र नाई. मी स्वॅब घेतला, पोट्टीनं मान झटकली, पुन्हा घेतला. रिपोर्ट आला निगेटिव्ह. झालं, माय सामान बांधाले लागली. म्हने ताई, कोरोना नाई न, मंग आमाले ठेवता कायले, घरी महिन्याभराचं पोरगं सासूपाशी टाकून आली मी, त्याले कोन पाजीन?

आमच्या डॉक्टर मॅडम म्हनल्या थांब, ल्हान लेकरात कधी कधी नाकात नाई सापडत अन् पोटात सापडते, लाळ घे अन् संडासचाबी नमुना घे. मले तं तेई नवीनच. मायले सांगतलं तं ते चिडली, हगवनीत कुठी कोरोना असते काय, मजाक करून राह्यल्या काय माह्यी? मी म्हनलं बाई, आजारच नवीन हाये, आमीबी शिकूनच राह्यलो. पन घरी तुह्यं तान्हं हाये, सासू म्हातारी हाये, न पाहता गेली अन् असला तं? दुधानं तिचा ब्लाऊज भिजलेला, त्याच्यावर पदर दाबत बसली. मंग म्हने, घ्या.

लाळेसाठी कापसाचा बोळा तोंडात धरला तं पोट्टी चोखतच बसली, रडलीच नाई. संडास डबीत घेतली. अन् मंग रिपोर्ट येईस्तोवर माह्या लॅबच्या दाराशी नुसत्या चकरा. लाळ निगेटिव्ह, संडास पॉझिटिव्ह.

बरं वाटावं का वाईट, तेच समजेना. परीले कोरोनाच्या वॉर्डात हलवलं, माय संगं. त्याच सांजेले पोट्टी खचली, डोये लाल, हातपाय थंडे, सलाईनले शीर सापडेना. मॅडम तिथून हालल्या नाई. माह्यी ड्युटी सुटली तरी मी जिन्यातच बसून. मंग हयूहयू ताप उतरला, अन् एक दिवस परीनं भात मांगतला. बाप तसाच ट्रक लावून आलता, काचेतून तिले पाह्यलं अन् उभ्या उभ्या रडला. घरचं तान्हं वरच्या दुधावर राह्यलं, ते अन् सासू, दोघंबी धड राह्यले.

आता सारं निवलं म्हनतात लोक. स्वॅब कोनी मांगत नाई. माहं पोट्टं माह्यापाशीच असते, शाळेत जाते. पन खरं सांगतो, तापाचं लेकरू आलं अन् रिपोर्टात काईच नाई निघालं, तं माहं मन थाऱ्यावर राहत नाई. त्या मायले म्हनतो बस जराशी बाई, मॅडमले आखीन एकदा इचारू. एखादी चिडते. चिडो बाप्पा. लेकरू हासत घरी गेलं म्हंजे झालं.