वनिताबाईंचा सिंदीचा फोन

क्रम थोडा चुकत असेल, माझ्या आठवणीवर माझाच भरवसा नाही. आमच्या वर्ध्याच्या कॉलेजच्या सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या सॉफ्टवेअरला भोक सापडलं होतं. पासवर्डशिवाय कोणीही आत शिरेल असं. मुलांचे निकाल त्यातच होते. सेलूच्या घरून मी दुरुस्ती करत होतो; तेव्हा इंटरनेट घरच्या टेलिफोनच्या लाइनवरूनच चालायचं. जुना प्रोग्राम बंद केला, नवा सुरू करणार, तोच लाइन तुटली.

शेजारच्या वनिताबाईंनी आमच्या आतल्या खोलीतला, त्याच लाइनवरचा फोन उचलला होता.

"सर, सिंदीले पोरीले फोन लावून राह्यली. तुमच्या फोनात कोण वरडून राह्यलं?"

"ठेवा तो, वनिताबाई."

"आता रिंग जाऊन राह्यली ना."

जुना प्रोग्राम बंद, नवा सुरू नाही; सर्व्हरचं दार आता मलाही बंद. बसनं वर्धा गाठलं आणि तिथे बसून नवा प्रोग्राम सुरू केला.

विद्यापीठातल्या मित्राकडून काही वर्षांनी खात्री करून घेतली: त्याच दुपारी कोणीतरी त्या भोकातून दुसऱ्या कॉलेजात शिरलं होतं. आमचंही दार त्यानं ठोठावलं होतं, मी बसमध्ये असताना, आणि ते बंद होतं.